एक प्रत, चार घरं

कोलकात्यातल्या आमच्या वाचन मंडळात पुस्तकं कापली जातात. पुण्यातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या आधी हसतात, आणि मी हसत नाहीये हे लक्षात आलं की गप्प होतात. पण खरंच कापतो आम्ही. मराठी कादंबरी आणायची, बागबाजारातल्या एका बाइंडरकडे द्यायची. तो शिवण उसवतो, तिचे चार भाग करतो आणि प्रत्येक भागाला पुठ्ठा लावून वेगळा शिवून देतो. चार भाग, चार घरं. प्रत्येक घरात एकेक भाग आठवडाभर राहतो, शनिवारी भाग बदलायचे, आणि महिनाअखेरीपर्यंत चारही घरांची कादंबरी वाचून होते. मग एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमून चर्चा करायची.

आता यातली खरी मेख. भाग फिरतात गोल. ज्या घरात सुरुवातीला पहिला भाग येतो, त्या एकाच घराला कादंबरी सरळ वाचायला मिळते. बाकीचे मधूनच घुसतात. कुणी दुसऱ्या भागापासून, कुणी तिसऱ्यापासून, आणि एका घराच्या नशिबी तर आधी शेवटच येतो. त्या शेवटच्या भागाला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट ज्याच्याकडे, त्याने महिनाभर तोंडाला कुलूप लावायचं. पहिल्या पानावर ज्याची पत्रिका जुळतेय तो शेवटच्या पानावर जिवंत नाही, हे पोटात ठेवून इतरांशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. रहस्यकथा आम्ही एकदाच घेतली. त्या महिन्यात शेपूटवालं घर आमचे फोनच उचलेना.

एकच प्रत का, हे सगळेच विचारतात. हल्ली पुस्तकं घरपोच येतात हे आम्हालाही माहीत आहे. पण आम्हाला ज्या कादंबऱ्या हव्या असतात त्या बहुतेक छापायच्या बंद झालेल्या असतात, आणि कुणी पुण्या-मुंबईला गेलं की जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शोधून एक प्रत आणतं. शिवाय मंडळ सुरू करणाऱ्या मावशींचं म्हणणं असं, की चार घरांत चार प्रती आल्या तर चारही कपाटात जातील. एकच प्रत असली आणि शनिवारी दुसरं घर तिची वाट बघत असलं, की माणूस वाचतो. हे मात्र अगदी खरं आहे. मी स्वतः सेक्टर फाइव्हला ऑफिसात जाता-येता मेट्रोत उभ्याने पानं संपवलेली आहेत.

मावशी बागबाजारात राहतात. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, बदलीवर इथे आले, निवृत्त झाले आणि इथेच गेले. मावशी परत गेल्या नाहीत. ज्या मराठ्यांच्या भीतीने या शहराने खंदक खणला, तो खंदक म्हणे त्यांच्याच घराजवळून सुरू व्हायचा, आणि आता तिथले शेजारी एका मराठी बाईकडे साबुदाण्याची खिचडी मागायला येतात, असं त्या दर नव्या माणसाला सांगतात. दुसरं घर फोर्ट विल्यमचं. नवरा फौजेत, वहिनी नागपूरच्या, बोलायला आणि चालायला सारख्याच झपाट्याच्या. तिसरं घर एका बँकेतल्या साहेबांचं आणि त्यांच्या बायकोचं, शहराच्या दक्षिणेकडे. चौथं आमचं, सॉल्ट लेकमधलं. दर तीन वर्षांनी यातलं कुणीतरी बदलून जातं आणि दुसरं कुणीतरी येतं, मावशी तेवढ्या कायम.

कादंबरी निवडायची पाळी ज्याची त्याची असते. बँकेतले साहेब हमखास राजेरजवाड्यांचं काहीतरी जाडजूड आणतात. वहिनींना चटपट घडणारं हवं असतं. पातळ कादंबरी कितीही गाजलेली असो, आमच्याकडे बाद, कारण कापल्यावर हातात काही उरत नाही. निवडीवरून आमच्यात जेवढे वाद होतात तेवढे चर्चेतही होत नाहीत. चर्चेचा नियम मात्र पक्का आहे. ज्याच्या घरी चर्चा, त्याने त्या दिवशी मत द्यायचं नाही, प्रश्नही विचारायचा नाही. चहा द्यायचा, खायला द्यायचं आणि ऐकायचं. पूर्वी कधीतरी एक यजमान वादात इतके रंगले म्हणे, की पाहुणे चहाविना घरी गेले. तेव्हापासून यजमानाचं तोंड बंद. मला हा नियम फार जड जातो. दिवसभर ऑफिसात बोलण्याचाच पगार घेणारी बाई मी.

हे सगळं आज मी मजेत लिहू शकते आहे, कारण झालं ते चांगलं झालं. गेल्या वर्षी पावसाळा संपत आला तेव्हा माझ्या जिवाला घोर होता.

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून कराडला एकटे राहत होते. त्यांच्या डाव्या हाताला प्लास्टर आहे हे मला कळलं ते शेजारच्या काकूंकडून, तेही काकूंना बोलता बोलता सुटलं म्हणून. बाबांना फोन केला तर म्हणाले, न्हाणीत पाय घसरला, हात टेकला, लगेच उठलो, त्यात काय एवढं. काकूंना खोदून विचारलं तर त्या म्हणाल्या, तूच विचार गं त्यांना. दोघांनी मिळून काहीतरी दडवलंय इतकं मला समजलं, पण फोनवरून माणसाच्या मनात शिरता येत नाही.

मी त्यांना इकडे आणलं. आले, पण अट घालून आले. दिवाळीनंतरचं परतीचं तिकीट त्यांनी कराडलाच स्टेशनवर रांगेत उभं राहून काढलं, छापील, कारण मोबाईलमधल्या तिकिटावर त्यांचा भरवसा नाही. ते तिकीट आणि घराची किल्ली दोन्ही शर्टाच्या खिशात. मी राहण्याचा विषय काढला की ते "बघू" म्हणायचे आणि त्यांचा हात आपोआप त्या खिशाकडे जायचा.

मला त्या खिशाचा राग यायला लागला. मीटिंगमध्ये कुणी काही समजावून सांगत असलं तरी माझ्या डोळ्यांसमोर कराडची ती शेवाळलेली न्हाणी असायची. या वयात पुन्हा तिथे एकटे, पुन्हा पडले तर? मग घरी आल्यावर मी त्यांच्यापुढे मुद्दे मांडायचे. इथे दवाखाना जवळ आहे, लिफ्ट आहे, आम्ही आहोत, तिथे कोण आहे? मुद्दे सगळे बरोबर होते आणि त्यांचा उपयोग शून्य होता. नवरा म्हणायचा, जरा दमाने घे, तू त्यांना टेंडर भरायला सांगितल्यासारखं बोलतेस. मग मी त्याच्याशीही भांडायचे.

त्यात रोजची एक वेगळी कटकट होती. बाबा बाथरूमची कडी लावत नसत. दार नुसतं लोटून घ्यायचे आणि आत कुणी आहे हे कळावं म्हणून मोठ्याने पाढे म्हणायचे. तेही साधे नाहीत. पावकी, निमकी, अडीचकी, असे हल्ली कुणालाही न येणारे. सकाळी कामाला येणारी बाई पॅसेजमधून जायला लाजायची. मी रोज बाहेरून ओरडायचे, बाबा, कडी लावा. आतून "बरं" यायचं आणि अडीचकी पुढे चालू. आमच्या लहानपणी हेच बाबा कडीकुलपाच्या बाबतीत इतके काटेकोर होते, की निजताना मागच्या दाराची कडी दोनदा हलवून बघायचे. म्हातारपणी माणूस असा बदलतो, म्हणून मी सोडून दिलं.

त्या महिन्यात निवडीची पाळी मावशींची होती. बाबांचं सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. त्या फक्त "हं" म्हणाल्या होत्या. नंतर त्यांनी जी कादंबरी काढली ती एका निवृत्त तलाठ्याची निघाली. मुद्दाम काढली का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

गोष्ट तशी साधी. तलाठी गावात एकटा राहतो, शहरातला मुलगा त्याला बोलावतोय, हा जात नाही. तीन भाग तो नाही म्हणत राहतो, कधी चिडून, कधी हसून. आणि चौथा भाग उघडतो तेव्हा तो ट्रंक घेऊन मुलाच्या दारात उभा असतो, घराची किल्ली शेजाऱ्याला देऊन आलेला. मधे काय झालं, त्याचं मन कशाने बदललं, यावर लेखकाने एक ओळसुद्धा खर्च केलेली नाही. त्या खेपेला आमच्या घराला सरळ क्रम आला होता, त्यामुळे हे मला अगदी खात्रीने सांगता येतं.

पहिला भाग घरी आला तेव्हा बाबा हादरले. पुस्तक कापता? शिकली सवरलेली माणसं तुम्ही, आणि पुस्तक कापता? त्यांनी तो भाग हातात घेतला, उलटासुलटा केला, शिवण ओढून बघितली आणि बाइंडरच्या नावाने बोटं मोडली. टाके लांब पडलेत, म्हणाले, महिनाभरात पानं सुटतील. मग सुई मागितली, दोरा दुहेरी केला आणि प्लास्टरमधून नुकत्याच सुटलेल्या हाताने सगळी शिवण पुन्हा घातली. शिवता शिवता वाचायला लागले. मला कादंबऱ्यांतलं काही कळत नाही, असं म्हणत म्हणत त्यांनी तो भाग माझ्याआधी संपवला. पुढच्या शनिवारी दुसरा भाग आला तेव्हा सुईदोरा आधीच तयार होता.

वाचून झाल्यावर बोलले मात्र काही नाहीत. मी एकदा मोठ्या आशेने विचारलं, बाबा, तो तलाठी शेवटी मुलाकडे गेला ते बरं केलं ना? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. कादंबरीच्या पाठीआड लपून मी त्यांना ढकलत होते हे त्यांना लगेच कळलं होतं.

चर्चेचा रविवार आमच्याच घरी आला. दिवाळी तोंडावर होती, आणि ते तिकीटही. मी थालीपीठं लावली होती, नवरा चहाच्या मागे होता. बाबा म्हणाले, तुमचं चालू दे, मी आपला बाल्कनीपाशी पेपर वाचत बसतो. आतल्या खोलीतही बसता आलं असतं, पण बसले बाल्कनीपाशीच, जिथून सगळं ऐकू येतं.

साहेबांनी सुरुवात केली. त्यांच्या मते लेखक आळशी होता. तीनशे पानं हा माणूस हटून बसतो आणि एकदम ट्रंक घेऊन निघतो, याला काही कारण नको? बँकेत असा अर्ज आला असता तर मी परत पाठवला असता, म्हणाले. वहिनी म्हणाल्या, मुलाने दम दिला असणार, सरळ आहे, काही बापांना तीच भाषा समजते. साहेबांच्या बायकोला वाटलं, सूनबाईने काही निरोप धाडला असेल. मावशी चष्मा पुसत ऐकत होत्या. मी थालीपीठं वाढत होते आणि जीभ चावत होते.

तेवढ्यात बाबांनी पेपर खाली केला.

"तो पडला होता," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. मी ताट हातात घेऊन जिथल्या तिथे थांबले. कादंबरीत तलाठी कुठेही पडत नाही. चढावर धापा टाकतो, एकदा रस्ता चुकतो, पण पडत नाही.

आणि मग आमच्या मंडळात जे होऊ शकतं, आणि फक्त आमच्याच मंडळात होऊ शकतं, ते झालं. फोर्ट विल्यमच्या वहिनींनी तिसरा भाग अगदी पहिल्या आठवड्यात वाचला होता आणि त्यानंतर बाकीचे तीन, त्यामुळे त्यांच्या डोक्यात त्याची खिचडी झाली होती. त्या म्हणाल्या, हो हो, तिसऱ्याच्या शेवटी शेवटी ना, आठवलं. साहेबांकडे या वेळी शेपूट आधी आलं होतं, म्हणजे तिसरा भाग शेवटच्या आठवड्यात. तो त्यांनी उघडलाही नसावा, कारण पाठोपाठ तेही मान हलवून म्हणाले, तोच तर खरा मोक्याचा प्रसंग आहे, पण लेखकाने अजून फुलवायला हवा होता. त्यांच्या बायकोने छताकडे बघितलं. प्रत्येकाला वाटलं, इतरांनी वाचलंय, आपल्याच नजरेतून निसटलं. कबूल कोण करणार?

खरं काय ते दोघींना माहीत होतं. एक मी, आणि मला बोलायची बंदी. दुसऱ्या मावशी, ज्यांनी कादंबरी कापायला देण्याआधी पुण्याहून येताना गाडीत सबंध वाचली होती. मावशींना एकदा वाचलेलं पानाच्या नंबरासकट आठवतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बाबांना म्हणाल्या, "माझं हल्ली फार विसरायला होतं. पडला तेव्हा नेमकं काय झालं हो?"

बाबांनी पेपरची नीट घडी घातली. मग सांगायला लागले.

"त्याने कडी लावली होती," ते म्हणाले. "घरात दुसरं कुणी नाही, तरी कडी. जन्माची सवय. पाय सरकला आणि हात अंगाखाली आला. सकाळची वेळ. नळ चालूच राहिला. बादली भरून पाणी वाहायला लागलं आणि तो पडल्या पडल्या ते बघतोय. दुखण्यापेक्षा त्याला तेच जास्त लागलं, की पाणी वाया चाललंय."

तलाठ्याला पाण्याचं एवढं काय, असं कुणीच विचारलं नाही. जन्मभर कालव्याचं पाणी मोजलेला माणूस माझ्यासमोर बसला होता.

बाबा सांगत राहिले. आधी त्याने हाका मारल्या नाहीत. मग मारल्या. मग थांबवल्या, कारण त्याच्या लक्षात आलं की कुणी आलंच तर दार फोडून येणार आणि त्याला असं उघडं पडलेलं बघणार. मरणाची भीती त्याला वाटली नाही, या गोष्टीची वाटली. ऊन न्हाणीच्या झरोक्यातून आत आलं, भिंतीवरून सरकत गेलं आणि नाहीसं झालं, तेव्हा कुठे शेजारणीला मोरीतून सारखं वाहणारं पाणी दिसलं. तिने आणि तिच्या मुलाने दार उचकटलं. तिने आधी आत टॉवेल टाकला आणि तोंड फिरवून उभी राहिली. हे सांगताना बाबांचा आवाज जरा बसला. ती बाई फार चांगली, म्हणाले.

लगेच उठलो, त्यात काय एवढं, असं मला फोनवर सांगितलेला दिवस तो हा. ताट मी टेबलावर ठेवलं. मला ओरडून विचारायचं होतं, मला का नाही सांगितलंत? आणि मंडळाच्या नियमाने मला तोंड उघडता येत नव्हतं. पुढचा प्रश्न मावशींनी विचारला, आणि माझ्यापेक्षा कितीतरी बरा विचारला.

"मग त्याने मुलाला का नाही कळवलं?"

"कळवलं असतं तर संपलंच की," बाबा म्हणाले. "मग रोज तोच विषय. मुलाचं काही चुकत नाही, त्याचा जीव आहे बापावर. पण त्या दिवसापासून बाप बाप राहत नाही, सांभाळायची वस्तू होते. इथे ठेवा, तिथे ठेवा."

"आणि तरी शेवटी गेलाच की तो."

नवऱ्याने आतून चहाचा ट्रे आणला होता, तोही दारातच उभा राहिला.

"गेला," बाबा म्हणाले. "पण किल्ली त्याने आपल्या हाताने दिली. कुणी मागून घेतली नाही. म्हणून जाता आलं."

मग साहेब म्हणाले, अप्रतिम, हा भाग मी पुन्हा एकदा वाचणार आहे. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की मी त्यांना न विचारता आणखी एक थालीपीठ वाढलं.

सगळे निघाले तेव्हा मावशींना सोडायला मी लिफ्टपर्यंत गेले. चर्चा संपली होती, आता बोलायला हरकत नव्हती, पण मी नुसतं लिफ्टचं बटण दाबत राहिले. मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "प्रसंग चांगला होता. लेखकाला सुचायला हवा होता." मग लिफ्ट आल्यावर म्हणाल्या, "आता त्यांना काही विचारायला जाऊ नकोस. अजून थोडे दिवस तू यजमानच आहेस असं समज."

मी तसं समजले. माझ्या आयुष्यात मी केलेलं हे सर्वांत अवघड काम असेल. तिकिटाचा विषय काढला नाही. डॉक्टर, लिफ्ट, शेजार, सगळे मुद्दे गिळले. काकूंना मात्र फोन केला आणि आभार मानले. कशाबद्दल ते सांगितलं नाही, त्यांना न सांगता कळलं आणि त्या रडल्या. नवऱ्याने एकदा विचारलं, तुला बरं नाहीये का, इतकी गप्प आहेस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून अडीचकी सुरू झाली तेव्हा मी सवयीने दारापर्यंत गेले, "बाबा, कडी" एवढं ओठांवर आलं आणि मी तशीच मागे फिरले. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. इतके दिवस तो माणूस आतून सांगत होता, मी आहे, ठीक आहे, आणि मी बाहेरून त्याला कडी लावायला सांगत होते.

शनिवार आला. नव्या महिन्याची नवी कादंबरी, साहेबांच्या निवडीची, म्हणजे भरपूर घोडदळ असलेली. भाग बदलायला आम्ही एस्प्लनेड स्टेशनच्या फाटकाशी भेटतो, कारण ते सगळ्यांनाच सोयीचं पडतं. मला ऑफिसचं काम निघालं होतं. बाबा म्हणाले, मी आणतो, त्यात काय. आपल्या स्टेशनवरून एकच मेट्रो आहे, मला काय लहान समजतेस? मी यजमानाच्या तोंडाने "बरं" म्हटलं.

दुपारपर्यंत यायला हवे होते, ते आले नाहीत. फोन लागेना. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, भाग घेऊन ते केव्हाच निघाले. माझा सगळा संयम एका तासात उडाला. पुन्हा पडले, कुठेतरी जिन्यावर, कुणाला भाषा कळत नाहीये, असलं काहीबाही मनात यायला लागलं. मी चपला घालून खाली फाटकापर्यंत जाऊन आले, वर आले, पुन्हा खाली गेले. आणि मग समोरच्या वळणावर रिक्षातून बाबा उतरताना दिसले, काखेत तो भाग, चालकाशी हिंदी-मराठीची भेळ करून काहीतरी बोलत. त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं.

"आरक्षणाच्या खिडकीवर गेलो होतो," ते म्हणाले. "केवढी रांग होती. तिकीट रद्द करून आलो."

मी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं.

"तुला सांगितलं असतं तर तू जावयांना पिटाळलं असतंस," ते म्हणाले. "माझं तिकीट आहे. मीच रद्द करणार."

मला रडू आलं. रस्त्यात, फाटकावरच्या वॉचमनसमोर, अगदी लहान मुलीसारखं. मला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला, हे मी त्यांना सांगितलंही. बाबांना असल्या गोष्टींचा फार संकोच. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि काखेतला भाग पुढे केला. म्हणाले, हे बघ, या खेपेला शेपूट आपल्याकडे आलंय, महिनाभर गप्प बसायचंय, जमेल का तुला?

आता ते मंडळाचे रीतसर सदस्य आहेत. शनिवारची ने-आण त्यांच्याकडे आहे आणि बागबाजारच्या बाइंडरशी त्यांचं टाक्यांच्या लांबीवरून भांडण आहे. बाइंडर बंगालीतून बोलतो, बाबा मराठीतून, आणि दोघांचं म्हणे एकमत होत आलंय. कराडच्या घराची किल्ली अजून त्यांच्या खिशात आहे. दर महिन्याला काकू घर उघडून झाडतात, त्यांच्याकडे दुसरी आहे. मी या किल्लीबद्दल काही बोलत नाही. ती त्यांची आहे.

ती चर्चा होऊन आता बरेच महिने झाले. त्या प्रसंगाबद्दल आम्ही दोघं एकदाही बोललेलो नाही. वहिनी मात्र अजून कुणालाही सांगतात, की त्या तलाठ्याच्या कादंबरीत तो न्हाणीत पडतो ते फार भारी आहे, जरूर वाचा.

सकाळी मी उठते तेव्हा बाबा बाथरूममध्ये असतात. दार लोटलेलं, कडी उघडी, आणि आतून अडीचकी चाललेली. कधी मधेच आवाज थांबतो. मीही हातातलं काम ठेवून थांबते. मग बहुतेक साबण डोळ्यांतून निघालेला असतो, कारण पाढा जिथे तुटला होता तिथून पुन्हा सुरू होतो, आणि मी चहाचं आधण ठेवते.